‘कशावरून?’ : एका काळ्या-पांढऱ्या चित्राचं मूल्यमापन करताना

पीएच.डी.ला नोंदणी झाल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. विषय होता अमेरिकन चित्रकार फ्रान्झ क्लाइन याचं ‘चीफ’ हे १९५० सालचं चित्र. तीन पानं. मला ती फार आवडली होती. मार्गदर्शक मॅडमनी ती परत दिली तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच शब्द सात वेळा लिहिला होता: ‘कशावरून?’

‘हे उत्स्फूर्त चित्र आहे.’ कशावरून? ‘यावर जपानी सुलेखनाचा प्रभाव आहे.’ कशावरून? ‘काळ्या रंगातून चित्रकाराचं दुःख व्यक्त होतं.’ कशावरून? बाकीची चारही वाक्यं त्याच जातीची होती, ती सांगायला आता लाज वाटते.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करत असतील, कोणाची सिनॉप्सिस लिहून होत आली असेल. कला हा तुमचा विषय नसेल तरी हा लेख वाचा. कारण अमूर्त चित्राबद्दल लिहिताना आपली सगळी वाईट सवय उघडी पडते. कथेवर लिहिताना कथानक सांगून पान भरता येतं. आकडेवारी असली की तक्ता टाकता येतो. काळ्या-पांढऱ्या अमूर्त चित्रात मात्र सांगायला गोष्ट नाही, रंगांची नावं घ्यायची तर ती दोनच. मग आपण जे ऐकलेलं असतं तेच चित्रावर चिकटवतो.

तर ते टिपण मी पुन्हा कसं लिहिलं, आणि ते करताना चित्राबद्दलचं माझं मत कसं बदललं, ते सांगते.

आधी एक खुलासा. १९५० चं चित्र ‘समकालीन’ म्हणायचं का? कलेच्या इतिहासात ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आधुनिक कलेत धरतात. पण आज काळ्या-पांढऱ्यात जाड फटकाऱ्यांनी काम करणाऱ्या चित्रकाराबद्दल बोलताना क्लाइनचं नाव निघतंच. म्हणून मापदंड तपासायचा तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

१. पहिलं काम: फक्त वर्णन

‘चीफ’ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या, म्हणजे ‘मोमा’च्या संग्रहात आहे. कॅनव्हासवर तैलरंग. उंची १४८.३ सेंमी, रुंदी १८६.७ सेंमी. हे आकडे नुसते उतरवून घेऊ नका, अंगावर मोजून बघा. रुंदी सहा फुटांहून थोडी जास्त आहे. म्हणजे उंचपुरा माणूस दोन्ही हात पसरून उभा राहिला तर जवळजवळ तेवढी. चित्र हातात धरून बघण्याचं नाही, समोर उभं राहून बघण्याचं आहे.

त्यावर काय आहे? आडव्या-उभ्या जाड काळ्या पट्ट्यांचा ओबडधोबड सांगाडा. त्या सांगाड्याला तोडणारी वळणं आणि फासे. काही पट्टे कॅनव्हासच्या कडेपर्यंत धावतात आणि कडेवर कापले जातात, जणू चित्र बाहेरही चालू आहे. फाशांच्या पोटात आणि पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या जागा अडकल्या आहेत, काही बंदिस्त, काही एका बाजूनं मोकळ्या.

एवढंच. यात ‘आक्रमक’, ‘वेदना’, ‘ऊर्जा’ असे शब्द नाहीत. हे वर्णन मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा चार ओळींत संपलं. मॅडम म्हणाल्या, “पुन्हा बघ. चार ओळींत संपलं म्हणजे तू बघितलं नाहीस.” वर्णन म्हणजे मूल्यमापनाच्या आधीची औपचारिकता नव्हे. पुढचा प्रत्येक दावा ह्याच वर्णनातल्या कुठल्या तरी ओळीवर उभा राहणार असतो. ओळच नसेल तर दावा हवेत.

आणि एक गंमत कबूल करते. मला त्या फाशांत पहिल्यांदा मोडलेला ‘ळ’ दिसला. देवनागरी शिकलेल्या डोळ्याला तो दिसणारच. ही नोंद मी वहीत केली, टिपणात नाही. का, ते पुढे येईल.

२. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द आला कुठून?

क्लाइनबद्दल काहीही वाचायला घ्या, हा शब्द भेटतो. भला मोठा ब्रश, एका दमात मारलेला फटकारा, विचार करायला उसंत नाही. ही प्रतिमा घट्ट करण्यात हॅरॉल्ड रोझेनबर्ग या समीक्षकाचा मोठा वाटा आहे. डिसेंबर १९५२ मध्ये ‘आर्ट न्यूज’ मासिकात त्याचा ‘द अमेरिकन ॲक्शन पेंटर्स’ हा निबंध आला. कॅनव्हास हे चित्र काढण्याची जागा न राहता कृती करण्याचा आखाडा झाला, असा त्याचा साधारण मुद्दा. निबंध गाजला, ‘ॲक्शन पेंटिंग’ हा शब्द रूढ झाला.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. ‘चीफ’ १९५० चं. क्लाइनचं पहिलं एकल प्रदर्शन न्यूयॉर्कच्या चार्ल्स ईगन गॅलरीत झालं तेही १९५० मध्येच. निबंध त्यानंतर दोन वर्षांनी आला. शिवाय तो ज्या चित्रकारांबद्दल आहे असं आपण धरतो, त्यांची नावं घेऊन, एकेक चित्र समोर ठेवून तो बोलत नाही. म्हणजे तो निबंध ‘चीफ’बद्दलचा पुरावा नाही. ‘चीफ’कडे लोक पुढे कसं बघू लागले, याचा पुरावा तो नक्की आहे. हा फरक साहित्य आढावा लिहिताना आपण सर्रास विसरतो. गाजलेला लेख आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पुरावा काय सांगतो? क्लाइन टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर शाईनं लहान लहान स्केचेस करायचा. कागद फुकटचा होता, पैशाची चणचण होती. त्यातली बरीच पानं जपून राहिली आहेत आणि मोठी चित्रं त्यांच्यावरून बेतलेली दिसतात. एलेन डी कूनिंगनं सांगितलेला एक किस्साही प्रसिद्ध आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी क्लाइननं आपलं छोटं रेखाटन प्रोजेक्टरसारख्या यंत्रातून भिंतीवर मोठं करून बघितलं, खुर्चीचं चित्र होतं ते, आणि मोठं झाल्यावर खुर्ची नाहीशी होऊन नुसते काळे फटकारे उरले. त्यातून तो अमूर्ताकडे वळला, असा किस्सा.

किस्सा झकास आहे, म्हणूनच सावध राहा. तो क्लाइनच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये लिहिला गेला. एका संध्याकाळी सगळं बदललं असं सांगणारी गोष्ट ऐकायला छान वाटते, पण बदल बहुधा हळूहळू होतो. त्यामुळे मी तो किस्सा ‘घडलं’ म्हणून वापरला नाही, ‘असं सांगितलं जातं’ म्हणून वापरला. डिरेक्टरीची पानं मात्र वस्तू आहेत. त्यांचं वजन वेगळं.

थोडा हिशोब करा. डिरेक्टरीचं पान फूटभरही रुंद नसतं. ‘चीफ’ची रुंदी सहा फुटांवर. अशा पानावरून एवढ्या कॅनव्हासवर जायचं तर प्रत्येक रेघ सहा-सातपट वाढणार. बोटभर रुंदीचा शाईचा फटकारा मोठ्या कॅनव्हासवर वीतभर रुंदीकडे जातो. तो एका झटक्यात होत नाही. त्यासाठी घर रंगवायचे ब्रश लागतात, आणि कडा पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात. क्लाइनच्या ह्या काळातल्या कामात पांढरा रंग काळ्याच्या कडेवर चढलेला आढळतो, म्हणजे काळा झाल्यावर पांढऱ्यानं त्याला छाटलेलं आहे. जे झटक्यातलं वाटतं ते सावकाश घडवलेलं आहे.

पण इथेच मी दुसरी चूक करणार होते. क्लाइन स्केच करायचा म्हणजे ‘चीफ’सुद्धा स्केचवरूनच केलं, असं मी लिहून टाकलं होतं. पुन्हा समासात तोच शब्द! चित्रकाराची सवय हा एका विशिष्ट चित्राबद्दलचा पुरावा होत नाही. तुमच्या विषयात हेच असं दिसेल: गावातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी कर्ज घेतलं, म्हणून तुमच्या मुलाखतीतल्या शेतकऱ्यानंही घेतलंच, असं होत नाही. विचारावं लागतं.

३. ‘प्रभाव’ म्हणजे काय?

जपानी सुलेखनाशी तुलना अगदी सुरुवातीपासून होत आली. त्यामागे खरी हकीगत आहे. क्योतोचा सुलेखनकार मोरिता शिर्यू यानं १९५१ मध्ये ‘बोकुबी’ हे मासिक सुरू केलं आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर क्लाइनचं काम छापलं. जपानी सुलेखनकारांना त्याच्यात आपला नातेवाईक दिसला. क्लाइननं पुढे हा प्रभाव नाकारला.

म्हणजे संपर्क होता, साम्य होतं. पण ‘प्रभाव’ सिद्ध करायला तीन गोष्टी लागतात: कोणी, काय, कधी पाहिलं. आणि संपर्क चित्रानंतरचा असेल तर तो त्या चित्राचं कारण होऊच शकत नाही. मोरिताचा अंक ‘चीफ’च्या नंतरचा आहे.

मग मी साम्य सोडून फरक शोधायला लागले, आणि तिथे हाताला काहीतरी लागलं. सुलेखनात शाई कागदात मुरते. एकदा उमटलेला फटकारा खोडता येत नाही. आणि पांढरा म्हणजे न स्पर्शलेला कागद. क्लाइनकडे रंग पृष्ठभागावर बसतो, त्यावर दुसरा थर चढवता येतो, आणि पांढरा हा कागद नसून स्वतंत्रपणे लावलेला रंग आहे. क्लाइन स्वतः सांगायचा की आपण काळ्याइतकाच पांढराही रंगवतो आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. चित्रकाराच्या बोलण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो, पण इथे त्याचं बोलणं कडांवर चढलेल्या पांढऱ्याशी जुळतं. दोन स्वतंत्र दिशांनी एकच गोष्ट येत असेल तर दावा बळकट होतो.

आता ‘ळ’कडे येते. जपानी डोळ्याला तिथे जपानी अक्षर दिसलं, माझ्या डोळ्याला देवनागरी. चित्र दोन्ही नाही. पण दोघांनाही अक्षरच दिसावं, हा योगायोग नाही. काळी वळणं आणि त्यांच्या पोटातला बंदिस्त पांढरा, अक्षरांची रचना अशीच असते. ‘ळ’, ‘ब’, ‘क’ लिहून त्यांच्या पोटातली जागा बघा. म्हणजे माझं ‘दिसणं’ हा निष्कर्ष नव्हता, तो प्रश्न होता: ह्या चित्रात असं काय आहे की बघणाऱ्याला आपापलं अक्षर दिसावं? वहीतल्या नोंदी फेकू नका. त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह लावा.

४. चरित्राचा मोह

क्लाइनचा जन्म १९१० चा, पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीचा. कोळशाच्या खाणींचा मुलूख. तो सात वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. पुढे वडील नसलेल्या मुलांसाठीच्या फिलाडेल्फियातल्या निवासी शाळेत तो राहिला. ‘चीफ’ हे नाव लहानपणी आठवणीत राहिलेल्या रेल्वे इंजिनाचं.

हे वाचलं की लेख आपोआप लिहिला जातो: काळा म्हणजे कोळसा, काळा म्हणजे पोरकेपण, कडेबाहेर धावणारे पट्टे म्हणजे रूळ. माझ्या पहिल्या टिपणात हे सगळं होतं, आणि वाचणाऱ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण स्वतःला विचारा, ह्याच माणसानं हेच आयुष्य जगून आधी काय काढलं? माणसांची, शहरांची, रेल्वेची ओळखू येणारी, रंगीत चित्रं. आयुष्य तेच, चित्रं वेगळी. म्हणजे १९५० च्या काळ्या-पांढऱ्याचं पुरेसं कारण नुसत्या चरित्रात नाही. शिवाय त्या प्रदर्शनातल्या चित्रांची नावं चित्रं पूर्ण झाल्यावर, मित्रांसोबत बसून ठरवली गेली. नाव इंजिनाचं आहे म्हणून चित्र इंजिनाचं होत नाही.

याचा अर्थ चरित्र टाकून द्या असा नाही. एखाद्याच्या बापाच्या मरणाचा आपण दाखला म्हणून वापर करतो, तेव्हा त्याला पुराव्याची निकड जास्त असते, कमी नव्हे. हे मला फार उशिरा कळलं.

५. हा शब्द कोणाच्या कामाचा होता?

‘उत्स्फूर्त’ आणि ‘स्वतंत्र’ हे शब्द इतके टिकले त्याला चित्राबाहेरचंही कारण आहे. १९५८-५९ मध्ये मोमानं ‘द न्यू अमेरिकन पेंटिंग’ हे प्रदर्शन युरोपातल्या आठ देशांत फिरवलं. त्यात क्लाइन होता. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत बेबंद फटकारा हा स्वतंत्र जगाचा पुरावा म्हणून मिरवता येत होता. १९७४ मध्ये ईव्हा कॉकक्रॉफ्टनं ‘आर्टफोरम’मध्ये ह्या कलेचा शीतयुद्धातलं हत्यार म्हणून कसा वापर झाला, याची मांडणी केली. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण एक प्रश्न तिनं कायमचा दिला: एखादा शब्द रूढ होतो तेव्हा तो कोणाच्या सोयीचा असतो? तुमच्या विषयातले ‘विकास’, ‘परंपरा’, ‘जागृती’ असले शब्द काढा आणि हाच प्रश्न विचारा.

६. मग चित्र चांगलं की नाही?

एवढं सगळं झाल्यावर विद्यार्थी इथे थांबतात. ‘अशा प्रकारे विविध दृष्टिकोनांतून पाहता येते’ असं लिहून मोकळे होतात. मूल्यमापन म्हणजे निर्णय. तो द्यायला लागतो, आणि तो चुकण्याची तयारी ठेवायला लागते.

माझा निर्णय असा. ‘चीफ’ची ताकद काळ्यात नाही, पांढऱ्यात आहे. काळ्या पट्ट्यांचा जोर आपल्याला जाणवतो, कारण पांढरा मागे न सरकता त्यांना कडेकडेनं अडवतो. पांढरा जर नुसती पाठीमागची भिंत असता तर हेच फटकारे पोस्टरवरच्या अक्षरांसारखे सपाट झाले असते. उत्स्फूर्तता काढून घेतली तरी चित्र पडत नाही, उलट अधिक चांगलं दिसतं. वेग दिसावा म्हणून घेतलेली ही सावकाश मेहनत आहे. आधी मला वाटलं होतं की दंतकथा गेली की चित्रही जाईल. तसं झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला हा विषय माझा वाटायला लागला.

पण हे क्लाइनचं सर्वोत्तम चित्र आहे असं मला वाटत नाही. मोमामध्येच त्याचं १९५४ चं ‘पेंटिंग नंबर २’ आहे, २०४.३ बाय २७१.६ सेंमी. त्यात फासे नाहीत, जाड सरळ पट्टे आहेत. ‘चीफ’मधले बंद फासे डोळ्याला अक्षर, चाक, चेहरा शोधायला लावतात आणि पांढरा त्यांच्या पोटात ‘आतली जागा’ होऊन बसतो. १९५४ च्या चित्रात ती पळवाट नाही. तिथे पांढरे तुकडे काळ्याइतकेच ठामपणे उभे राहतात. ‘चीफ’मध्ये क्लाइनला जे सापडायला लागलं होतं, ते चार वर्षांनी तो फाशांच्या आधाराविना करू शकला. म्हणून माझ्या मते ‘चीफ’ हे शोध लागतानाचं चित्र आहे, शोध पूर्ण झाल्याचं नव्हे.

कोणी म्हणेल, उलट ते फासेच चित्राला जिवंत ठेवतात, पुढची चित्रं जास्त कोरडी आहेत. हा योग्य प्रतिवाद आहे. त्यानं माझ्या वर्णनातल्या ओळीवर बोट ठेवलं तर मी मत बदलीन. मूल्यमापन चांगलं झालं याची खूण हीच की ते कुठे खोडायचं हे समोरच्याला कळतं.

७. मर्यादा: शेवटी नाही, आधी लिहा

आता सगळ्यात अवघड ‘कशावरून?’. मी ‘चीफ’ प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. न्यूयॉर्कला जायची ऐपत नाही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची प्रतिमा, पुस्तकातली छपाई, एवढंच. पहिलं टिपण तर मी मोबाइलवर बघून लिहिलं होतं, सहा फुटांचं चित्र अडीच इंचांत!

पडद्यावर काय दिसत नाही? काळा कुठे चकचकीत आणि कुठे मंद आहे. रंगाचा थर किती जाड आहे. पांढरा थंड आहे की काळानुसार पिवळसर झालाय. तैलरंगातला पांढरा पिवळा पडतो, आणि क्लाइननं स्वस्तातले घरगुती रंगही वापरले होते, ते कसे म्हातारे होतात हा वेगळाच अभ्यास आहे. म्हणून मी दावे दोन गटांत वाटले. रचना, कडा, मोजमापं, तारखा यांवरचे दावे प्रतिमेवरून करता येतात. पोत, चकाकी, पांढऱ्याची आजची छटा यांवरचे करता येत नाहीत. तिथे संवर्धकांनी केलेल्या तपासण्यांचाच आधार घ्यायचा. काळ्या कडेवर चढलेल्या पांढऱ्याबद्दल मी वर ‘ह्या काळातल्या कामात’ असं का लिहिलं, ते आता लक्षात आलं असेल.

हे सगळं मी आधी टिपणाच्या शेवटी, ‘मर्यादा’ ह्या मथळ्याखाली दोन ओळींत दडवलं होतं. आता ते पहिल्या पानावर आहे. मॅडमनी दुसऱ्या खेपेला समासात काय लिहिलं माहितीये? ‘कशावरून?’ दोनदाच. त्यातला एक १९५४ च्या चित्रापुढे होता. अजून त्याच्यावरच काम चालू आहे.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसची पहिली दोन पानं काढा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ठाम वाक्यापुढे हा शब्द लिहा. ज्याचं उत्तर ‘सगळेच म्हणतात’ असं येईल ते वाक्य खोडू नका. त्याच्याखाली रेघ मारा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच कुठेतरी सापडेल.